एरर न देणारी चिन्हं

वहीत दोनाचा घन लिहायचा तर दोनाच्या डोक्यावर बारीक तीन काढला की झालं. कॉम्प्युटरवर ही सोय नव्हती. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा आणली, तेव्हा प्रोग्रॅम पंचकार्डांवर लिहिले जायचे. सगळं एका सरळ ओळीत, चिन्हंही मोजकीच. गुणाकाराची फुली त्यांत नव्हती. म्हणून गुणाकाराला * आणि घाताला तेच दोनदा, **.

१९६४च्या बेसिकने घातासाठी वर जाणारा बाण घेतला: २↑३. अमेरिकेच्या आस्की या अक्षरसंचात तेव्हा तो बाण होता. १९६७च्या सुधारणेत त्याच्या जागी ^ आलं. मॅटलॅब, आर आणि एक्सेलमध्ये आजही घात याच चिन्हाने लिहितात. डेनिस रिची यांच्या सी भाषेने मात्र ^ वेगळ्याच कामाला लावलं: दोन संख्यांचे बिट ताडून पाहणाऱ्या 'एक्सऑर'ला. दोन म्हणजे १०, तीन म्हणजे ११. फरक फक्त शेवटच्या बिटचा. त्यामुळे सीमध्ये २^३ चं उत्तर आठ नाही, एक येतं. भाषेच्या नियमांत यात काहीच चूक नाही, म्हणून एररही नाही.

मॅट्रिक्सचा घोळ याहून मोठा, कारण तिथे गुणाकारच दोन. एक, जागच्या जागी: या खान्यातला आकडा गुणिले त्याच खान्यातला. दुसरा, पहिलीच्या ओळी आणि दुसरीचे रकाने घेऊन, गुणून बेरीज करण्याचा. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएलमध्ये दुसऱ्यासाठी सुंदर चिन्ह होतं: +.×. गुणा आणि बेरीज करा, हे त्यातच लिहिलेलं. पण ती भाषा टाइप करायला टर्मिनलवर वेगळा टाइपगोळा बसवावा लागे.

मॅटलॅबने * खऱ्या मॅट्रिक्स गुणाकाराला दिलं आणि जागच्या जागी करायला .* ठेवलं. पायथनच्या नमपायने उलट केलं: साध्या ॲरेवर * म्हणजे जागच्या जागी. पण त्यातच 'मॅट्रिक्स' नावाचा वेगळा प्रकारही होता, आणि त्यावर * म्हणजे खरा गुणाकार. 'अ * ब' ही एकच ओळ, उत्तरं दोन. मॅट्रिक्स चौरस आणि सारख्या आकाराच्या असल्या, तर दोन्ही उत्तरांचा आकारही तोच. चूक पकडायची कशी?

२०१४ साली नॅथॅनिएल स्मिथ यांनी खऱ्या गुणाकारासाठी @ हे चिन्ह सुचवलं. सोबत मॅट्रिक्सच्या घातासाठी @@ चाही विचार झाला, पण तो मागे पडला. सप्टेंबर २०१५मध्ये पायथन ३.५ सोबत @ आलं. तेव्हापासून 'अ @ ब' वाचताना कुठला गुणाकार, हा प्रश्न उरला नाही.

घाताच्या बाबतीत जावास्क्रिप्ट आणखी पुढे गेली. -२ चा वर्ग एक्सेलमध्ये -२^२ असा लिहिला तर उत्तर ४. पायथनमध्ये -२**२ म्हणजे -४, कारण तिथे आधी वर्ग आणि मग वजा. २०१६मध्ये ** घेताना जावास्क्रिप्टने कुठलीच बाजू घेतली नाही. कंस न घालता -२**२ लिहिलं, तर ती प्रोग्रॅम चालवायलाच नकार देते. एरर आली की आपण वैतागतो. पण चुकीचं उत्तर निमूट हातात ठेवण्यापेक्षा हे अडवणं कितीतरी बरं.