मिठाला घातलेलं कुंपण

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या परसबागेला कुंपण घालायचं ठरलं. तारेचा खर्च झेपेना. बाभळीच्या काट्या टाकल्या, तर अर्ध्या वाळवी खाते, अर्ध्या कुणाच्या तरी चुलीत जातात. कुणाच्या, ते आम्हांला ठाऊक आहे! बारमाही हिरवी आणि फार निगा न मागणारी काटेरी जाळी हवी होती. शेवटी करवंद ठरलं.

मग वाचनात आलं, की दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज सरकारनंही हाच हिशेब केला होता. त्यांचं कुंपण आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपुरापर्यंत आलं होतं. पण ते गुरांसाठी नव्हतं, मिठासाठी होतं.

तेव्हा उत्तरेत आणि बंगालकडे मिठावर जबर कर होता. आपल्या मुंबई इलाख्यात तो पुष्कळ कमी. इकडचं स्वस्त मीठ तिकडे जाऊ नये म्हणून जकातीची हद्द आखली. १८६९ साली ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत २३०० मैल होती, पहाऱ्याला सुमारे १२,००० माणसं. चौकीवर झडती दिल्याशिवाय पलीकडे जाता येत नसे. गरिबाच्या घरी कोरड्यास नसलं तरी चालतं, पण भाकरीला मीठ लागतंच. गुरांनाही लागतं. काहीजण रात्री मिठाची पोती कुंपणावरून पलीकडे फेकत.

आधी हे कुंपण वाळल्या काट्यांचंच होतं. वाळवी, वणवा, वादळ, सगळं त्यालाही होतंच. १८६७ मध्ये ॲलन ह्यूम या खात्याचे आयुक्त झाले. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. मैलभर कुंपण उभारायला २५० टन काट्या लागतात, असा त्यांचा हिशेब. म्हणून त्यांनी जिवंत कुंपणावर जोर दिला. जमीन बघून बाभूळ, बोर, शेर आणि आपलं करवंदसुद्धा लावलं. काहीच उगवेना तिथे निवडुंग. चांगलं माजलेलं कुंपण आठ ते चौदा फूट उंच असे.

१ एप्रिल १८७९ ला ही हद्द उठली. दया आली म्हणून नव्हे. सगळीकडचा कर जवळपास सारखा केला आणि सांभर सरोवराचं मीठही सरकारच्या ताब्यात आलं होतं, म्हणून. मिठावरचा कर राहिलाच.

आमची करवंदं आता गुडघ्याएवढी झालीत. विहिरीच्या बाजूला दोन हात वाट मोकळी सोडली आहे. शेळ्या शिरतील म्हणून दोघीजणी अजून कुरकुरतात. पण पलीकडच्या वस्तीतल्या बाया तिथूनच पाण्याला येतात.