वारस दाखला
मृत व्यक्तीचे कायदेशीर वारस कोण, याला औपचारिक मान्यता देणारा न्यायालयीन दाखला. महाराष्ट्रात तो १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो. अर्जानंतर जाहीर नोटीस काढून हरकती मागवतात. आईवडिलांच्या पश्चात घर विकायला काढले, की खरेदीदाराचा वकील बहुधा हाच मागतो. वास्तविक वारसाहक्क मृत्यूच्या क्षणीच पोहोचलेला असतो. दाखला तो निर्माण करत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखालील उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी व रोख्यांपुरते असल्याने घरासाठी चालत नाही.

सर्वाधिक घोळ नामनिर्देशनाचा. सोसायटीच्या दप्तरी नाव लागलेला मुलगा स्वतःला मालक समजतो, पण तो इतर वारसांचा केवळ विश्वस्त असतो. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली व आई, सर्वच हिस्सेदार. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर पूर्ण घर विकता येत नाही. अज्ञान वारसाचा हिस्सा विकण्यास न्यायालयाची परवानगी लागते. वडिलांनी हयातीत दिलेले मुखत्यारपत्र त्यांच्या मृत्यूबरोबर संपते.