उसनं आणलेलं 'घेणं'

शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' या नाटकात निम नावाचा एक कॉर्पोरल आहे. लढायला म्हणून फ्रान्सला जातो, हात मारायची संधी सोडत नाही आणि शेवटी फासावर लटकतो. 1599च्या सुमाराच्या लंडनकर प्रेक्षकाला त्याचे गुण नावातच कळत. 'निम' म्हणजे ढापणे.

हा शब्द मुळात इतका बदनाम नव्हता. जुन्या इंग्रजीत 'घेणे' या अर्थाचं सरळसाधं क्रियापद 'निमन' हेच होतं. जर्मनमधलं 'नेमेन' त्याचं सख्खं भावंड. मग 793 साली लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची धाड पडली. 865 नंतर तर त्यांची मोठी फौजच उतरली आणि इंग्लंडच्या उत्तरेत-पूर्वेत पुष्कळ जण कायमचे राहिले. लुटारू शेजारी झाले, सोयरिकी जुळल्या, बाजारात बोली मिसळल्या. त्यांचं 'टाका' इंग्रजांच्या तोंडी 'टेक' होऊन बसलं. गंमत म्हणजे कायद्याचा 'लॉ' हा शब्दही याच धाडी घालणाऱ्यांचा! पुढच्या तीनचारशे वर्षांत 'टेक'ने 'निमन'ला घराबाहेर काढलं. मागे उरला तो चोरांच्या बोलीतला 'निम', आणि 'नंब' व 'निंबल' हे दोन वंशज. थंडीने बोटं 'नंब' होतात, म्हणजे थंडीने ती 'घेतलेली' असतात.

नव्या क्रियापदाभोवती वाक्प्रचारांची खिल्लारं जमली. त्यातला सर्वांत खानदानी 'टेक इट विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट'. पॉन्टसचा राजा मिथ्रिडेटिस याला विषप्रयोगाची धास्ती असे. रोमन सेनापती पाँपीने त्याचा पराभव केल्यावर राजाच्या खासगी कागदांत विषावरचा उतारा सापडला, असं रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात सांगतो: दोन सुके अक्रोड, दोन अंजिरं, सतापाची वीस पानं, सगळं एकत्र कुटायचं आणि वर मिठाचा एक खडा. उपाशीपोटी घेतलं की दिवसभर विषाची भीती नाही! प्लिनीने मीठ औषधातच घातलं होतं. ऐकीव गोष्टीवर ते टाकण्याची इंग्रजी रीत सतराव्या शतकातली. अर्थ असा, की सांगितलेलं सगळंच खरं मानू नका. आपल्याकडे तिखटमीठ लावतो तो सांगणारा. इंग्रजीत ती जबाबदारी ऐकणाऱ्यावर.

'टेक फॉर अ राइड' मात्र अगदी अलीकडचा आणि रक्ताळलेला. 1920च्या दशकात, दारूबंदीच्या काळात, अमेरिकेतल्या टोळ्या नको झालेल्या माणसाला मोटारीत घालून 'फिरायला' नेत. परतताना गाडीत तो नसे. मुंबईच्या गुन्हेगारांचं 'गेम करणे' याच जातीचं, खुनाला खेळाचं नाव देणारं. पुढे इंग्रजी प्रयोगातला खून गळाला आणि फसवणूक तेवढी राहिली. आज रिक्षावाल्याने लांबचा रस्ता धरला तरी हाच वाक्प्रचार चालतो, आणि तिथे तो शब्दशःही खरा असतो.