तांबट जिथे थांबतो

अनोळखी देशात पक्षी पाहणाऱ्याची मोठी अडचण कोणती? पक्ष्यांची नावे ठाऊक नसणे, असे आपण सहज म्हणू. पण नावे हळूहळू कळतात. खरी अडचण अशी, की इथे कोणता पक्षी दिसायला हवा होता आणि दिसला नाही, हे पाहुण्याला उमगत नाही. दिसलेल्याची नोंद कोणीही करील. न दिसलेल्याची नोंद करायची तर आधी शेजारचा मुलूख पायाखालून गेलेला असावा लागतो. आल्फ्रेड रसेल वॅलेस याने १८५६ साली अशी एक नोंद केली आणि प्राणिभूगोल या शास्त्राला तिने मोठी चालना दिली.

वॅलेस सधन नव्हता. पक्षी व कीटकांचे नमुने जमवायचे आणि लंडनमधल्या अडत्यामार्फत विकायचे, यावर त्याचा चरितार्थ चाले. १८४८ ते १८५२ अशी चार वर्षे तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात होता. परतताना जहाजाला आग लागली आणि बरोबरचा बहुतेक संग्रह जळाला. तिथून त्याने एक धडा मात्र आणला. संग्रहालयांतल्या माकडांच्या चिठ्ठ्यांवर नुसते ‘ब्राझील’ किंवा ‘पेरू’ असे लिहिलेले असे. नदीच्या या तीरावर एक जात आणि पलीकडे दुसरी, हे ज्याने पाहिले त्याला अशा चिठ्ठीचा काय उपयोग? १८५२ च्या डिसेंबरात त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ही तक्रार मांडली. गालापागोसवर १८३५ साली डार्विननेही फिंच पक्षी बेटवार वेगळे ठेवले नव्हते. पुढे त्याला सहप्रवाशांच्या संग्रहांचा आधार घ्यावा लागला. नमुना मोलाचा खरा, पण तो कुठे सापडला हे नसेल तर तो केवळ पेंढा भरलेला पक्षी उरतो.

१८५४ च्या एप्रिलमध्ये वॅलेस सिंगापूरला उतरला. पुढची दोन वर्षे सिंगापूर, मलाक्का आणि बोर्निओ इथे गेली. त्याच्याजवळ बोनापार्ट या पक्षितज्ज्ञाचा सुमारे ८०० पानांचा ग्रंथ होता : तेव्हापर्यंत ज्ञात असलेल्या पक्ष्यांची यादी, कोणता कुठे आढळतो यासह. चित्र एकही नाही! आजच्या हौशी पक्षिनिरीक्षकाला अशा पुस्तकावर भागवायला सांगून पाहावे. दुर्बिणीचे काम तेव्हा बंदूक करी. सारावाकमधला अली हा मलायी मुलगा स्वयंपाकी म्हणून त्याच्याकडे आला आणि पुढे पक्षी टिपण्यात व कातडी सोलून टिकवण्यात तरबेज झाला. वॅलेसच्या संग्रहात आठ हजारांवर पक्षी आहेत. त्यांतले कितीतरी अलीच्या हातचे आहेत, पण शास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव फार उशिरा घेतले जाऊ लागले.

वॅलेसला जायचे होते मकासरला. सिंगापूरहून थेट जहाज मिळेना, म्हणून एका चिनी व्यापाऱ्याच्या गलबतातून तो आडवाटेने निघाला. १३ जून १८५६ रोजी गलबत बालीच्या उत्तर किनाऱ्याला लागले. मुक्काम जेमतेम दोन दिवसांचा. तेवढ्यात त्याला सुगरणीच्या कुळातले पिवळे पक्षी, दयाळ, मैना, सुतार पक्षी आणि तांबट दिसले. तांबट म्हणजे आपल्या वडा-पिंपळावर उन्हाळ्यात टुक्‌ टुक्‌ करणाराच. त्याच जातीचा, फक्त थोड्या निराळ्या रंगाचा. आशियातल्या पाखरांचीच ही मांदियाळी होती.

१७ जूनला तो शेजारच्या लोंबोकवर पोहोचला. मधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी वीसेक किलोमीटर. एका बेटावरून दुसऱ्याचे डोंगर दिसतात. हवा तीच, ज्वालामुखीची मातीही तीच. इथे मकासरचे जहाज मिळेपर्यंत अडीच महिने गेले. तांबट काही दिसेना. दिसले ते पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवे, ऑस्ट्रेलियातल्या कुळातले मध चाखणारे पक्षी, आणि पालापाचोळा व मातीचा माणसाहून उंच ढीग रचून त्यात अंडी पुरणारा, कोंबडीएवढा एक पक्षी. हा अंड्यांवर बसत नाही. ती ढिगाच्या उबेने उबतात. हीही ऑस्ट्रेलियाकडचीच मंडळी.

ऑगस्टमध्ये वॅलेसने आपल्या अडत्याला पत्र लिहिले. त्यात कोणत्या पेटीत काय आहे याचा तपशील आहे, डार्विनसाठी एक पाळीव बदक पाठवल्याची नोंद आहे आणि त्याच ओघात दोन बेटांमधला हा फरकही आहे. व्यापारी पत्रात इतके मोठे शास्त्र क्वचितच सापडेल. १८५९ मध्ये त्याने हा विषय निबंधात मांडला, १८६३ मध्ये नकाशावर लाल रेघ ओढली आणि १८६८ मध्ये हक्सलीने तिला ‘वॅलेस रेषा’ हे नाव दिले.

कारण समजून घ्यायला शाळेतला ॲटलास पुरतो. जावा, सुमात्रा, बोर्निओभोवतीचा समुद्र फिकट निळा, म्हणजे उथळ आहे. हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली होती. तेव्हा ही बेटे आशियाला जोडलेली होती, बालीसुद्धा. लोंबोकची सामुद्रधुनी मात्र उथळात उथळ ठिकाणीही २५० मीटरच्या आसपास खोल, त्यामुळे तिथे पाणी राहिलेच. उथळ समुद्राचा अर्थ वॅलेसने बरोबर ओळखला होता. ऑस्ट्रेलिया खंडच उत्तरेकडे सरकत आला आहे, हे मात्र १९६० च्या दशकात भूपट्टांचा सिद्धांत आल्यावरच स्पष्ट झाले.

ही रेषा म्हणजे भिंत नव्हे. लहान चणीचा एक सुतार पक्षी लोंबोकवरही आहे, मध चाखणाऱ्यांतला एक बालीवर आहे, आणि ढीग रचणाऱ्या कुळातला एक तर पार आपल्या निकोबार बेटांवर आहे. तो तिथे कसा पोहोचला, यावर विद्यार्थ्यांना तर्क करू द्यावेत.

लोंबोकवर काकाकुवे विपुल असल्याचे वॅलेसने लिहून ठेवले आहे. पिंजऱ्यांच्या बाजारासाठी झालेल्या धरपकडीमुळे ही जात आज अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. त्या बेटावर आज नव्याने उतरलेल्या पाहुण्याला काकाकुवा दिसला नाही, तर तो इथे कधी नव्हताच असे त्याला वाटेल. होता हे सांगते ती १८५६ ची नोंद.