हुमेलचे पियानो कन्चेर्टो

प्रेसबर्ग येथे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, 1778 साली जन्मलेला योहान नेपोमुक हुमेल बालपणी व्हिएन्नात मोझार्टच्या घरी राहून शिकला. तरीही कन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या संवादातून उलगडणारी रचना, या प्रकाराच्या इतिहासात त्याला मोझार्ट आणि शोपाँ यांच्यामधला दुवा एवढेच स्थान मिळते, हा अन्याय आहे. त्याच्या ए मायनर कन्चेर्टोची बांधणी मोझार्टच्या वळणाची असली, तरी पियानो मूळ सुरावटीवर नाजूक अलंकरणाची जी वेल चढवतो, तिचा बहर पुढे शोपाँच्या कन्चेर्टोंत दिसतो. व्हिएन्नाच्या तत्कालीन पियानोचा नाद चटकन विरत असल्याने हे अलंकरण निव्वळ सजावट नसून सूर जिवंत ठेवण्याचा उपायही होता. श्रेष्ठतेच्या तुलना बाजूला ठेवून हा कन्चेर्टो एकदा सलग ऐकावा.