वहीबाहेरचे गाव

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले, की कोरेगाव भीमा मागे पडल्यावर आमची सणसवाडी लागते. एके काळी हे गाव बाजरीच्या रानांनी वेढलेले असे. आता ते कारखान्यांनी वेढले आहे. गावात कोणी कॅन्सरने गेले, की दहावा होण्याच्या आतच पारावर वाद सुरू होतो. एक म्हणतो, "हा धूर भोवला." दुसरा म्हणतो, "माणसं पूर्वीही जातच होती. दुखण्याचं नाव तेवढं ठाऊक नव्हतं." दोघेही तावातावाने बोलतात, आणि दोघांच्याही हाती एक आकडा नसतो.

गेल्या श्रावणात माझी भाची माहेरपणाला आली होती. ती परिचारिकेचा अभ्यास करते. तिच्यापाशी हा वाद निघाला, तेव्हा तिने संगणक उघडला नि म्हणाली, "आत्या, वाद कशाला? विचारूनच बघू."

फ्रान्समधील लिआँ शहरी जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था आहे. ती १९६५ साली स्थापन झाली. देशोदेशींच्या कर्करोग-नोंदवह्या पारखून ती एकत्र मांडते, आणि ते आकडे आता कोणालाही घरबसल्या विचारता येतात. प्रथम प्रदेश निवडावयाचा, मग स्त्री की पुरुष, मग शरीराचा अवयव, मग वय. क्षणार्धात कोष्टक समोर येते. दर लाख माणसांमागे वर्षाला नवे रुग्ण किती, हे त्यात असते.

कोष्टकात एक रकाना वयाचा हिशेब सारखा करून काढलेल्या दराचा होता. तो मला प्रथम कळेना. मग आमच्याच गावाचे उदाहरण घेतले. सणसवाडीत कारखान्यांपायी बाहेरगावची तरणी मुले लोटली आहेत. कॅन्सर हा बहुतांशी उतारवयाचा रोग. तेव्हा इथला दर सरळ काढला, तर तो म्हाताऱ्यांच्या गावापेक्षा कमीच दिसणार, आणि त्यावरून आमची हवा चांगली असे ठरवणे हास्यास्पद होणार. म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढून तो एका ठराविक वयरचनेच्या लोकसंख्येला लावतात. अशी जागतिक मापाची लोकसंख्या जपानी संशोधक सेगी यांनी १९६० मध्ये मांडली. मापटे एक झाले, की मुंबई नि लिआँ एका तराजूत घालता येतात.

भाचीने महाराष्ट्रातली नावे काढली. मुंबई होती, पुणे होते, आणि एका ओळीत बार्शी, परांडा, भूम ही नावे होती. "आता आपलं शोध," ती म्हणाली. मी शोधले. सणसवाडी नव्हती, शिरूर तालुकाही नव्हता. पुण्याची नोंदवही शहरापुरती आहे. ती नगर रस्त्याने आमच्यापर्यंत येत नाही. पारावरच्या वादाला उत्तर मिळाले नाही. पण जी नावे तेथे होती, ती तेथे कशी पोचली, हा प्रश्न मनात राहिला. आणि त्याचाच हा इतिहास आहे.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. रुग्ण येऊ लागले, त्यांचे कागद साठू लागले. परंतु रुग्णालयाचा कागद दाराशी आलेल्याची हकिगत सांगतो. जो आलाच नाही, त्याच्याविषयी तो मुका असतो. शहरात रोग किती, हे कळावयाचे तर सारे शहर मोजले पाहिजे. डॉ. जस्सावाला यांनी हे ओळखले. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईची नोंदवही सुरू केली. साऱ्या लोकवस्तीचा असा हिशेब ठेवणारी ही भारतातली पहिली वही. तिची माणसे रुग्णालये, प्रयोगशाळा आणि महापालिकेचे मृत्यूचे दप्तर पालथे घालीत, आणि एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावे ताडून पाहत. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हे काम देशाचे मानून हाती घेतले, आणि १९८२ पासून निरनिराळ्या शहरांत अशा वह्या उघडल्या.

पण शहराची युक्ती खेड्यात चालणार कशी? खेड्यातले दुखणे अंगावर काढले जाते. प्रयोगशाळा नाही, आणि मृत्यूच्या नोंदीत कारण नावापुरते. या अडचणीवर उपाय सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने काढला. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा नि भूम या तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास खेडी तिच्या कक्षेत आली. रुग्ण येत नाहीत, तर वहीच गावात गेली. कार्यकर्ते खेडोपाडी फिरत, माणसे जमवून कॅन्सरची लक्षणे सांगत, कोणाला गाठ आहे, कोणाच्या अंगावरून अवेळी जाते, याची चौकशी करीत, आणि अशांना बार्शीला तपासणीसाठी धाडीत.

यातून जे घडले, ते मला फार मोलाचे वाटते. काही वर्षांत असे दिसले, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. कार्यकर्ते निघाले होते मोजावयास. पण कोणी दारात येऊन विचारले, म्हणून बाया बोलल्या.

त्याच पायावर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. २००९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या गटात कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूची एकदा तपासणी केली, त्यात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. ज्या गटात तपासणी नव्हती, त्यात ६४. त्या चौसष्टजणींच्या गटाला तपासणीवाचून का ठेवले, असा सवाल पुढे अनेकांनी केला, आणि तो करावयासच हवा होता. एवढे खरे, की वही होती म्हणूनच तो सवाल करता आला.

आकड्यांनी फसू मात्र नये. २०१२ ते २०१६ या काळात पुरुषांमधला सर्वांत जास्त दर मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्याचा होता, लाखामागे २६९.४, आणि सर्वांत कमी उस्मानाबाद-बीडचा, ३९.५. वयाचा हिशेब सारखा करूनही हे अंतर उरते. त्यात खाणेपिणे, तंबाखू यांचा वाटा किती, आणि दुखणे उजेडातच न येण्याचा किती, हे एक आकडा पाहून कोणी सांगू नये. तसा सांगणारा पारावरच्या दोघांतलाच तिसरा.

माझी एक मावशी याच तालुक्यातल्या एका वाडीवर राहत असे. वर्षभर तिच्या अंगावरून जात होते. तिने ते लेकीलाही सांगितले नाही. सांगितले तेव्हा उशीर झाला होता. ती गेली चोपन्नाव्या वर्षी. पुढे कामासाठी तिच्या मृत्यूचा कागद काढला, तेव्हा घरातल्याच कोणी सांगितलेले कारण त्यावर होते: अशक्तपणा. मीच त्या वेळी म्हटले होते, "आता काय करायचंय खरं लिहून?"

भारतात २०२२ साली सुमारे १४ लाख नवे रुग्ण झाले, असा अंदाज लिआँच्या संस्थेने केला आहे. तो मोजलेल्या थोड्या प्रदेशांवरून बांधलेला आहे. आमची वाडी त्या चौदा लाखांत आहे, पण अंदाज म्हणून. माझी मावशीही तिच्या काळच्या आकड्यात अशीच कुठेतरी असेल.

भाची परत निघाली, तेव्हा मी तिला शिदोरी बांधून दिली. ती म्हणाली, "आत्या, दिवाळीला सगळ्याजणी जमतील ना? तेव्हा मी विचारीन एकेकीला." फराळाच्या वेळी असले विषय काढू नयेत, अशी आमच्याकडे रीत आहे. यंदा ती मोडावी, असे मी ठरविले आहे. पहिला प्रश्न मीच विचारीन.