खुर्ची कोणाची, शाळा कोणाची?

माझ्या लहानपणी नगरमध्ये मिशनचे कंपाउंड ही एक वेगळीच दुनिया होती. आमच्या मोहल्ल्यातून बाजारात जाताना तिची लांबलचक भिंत लागायची. आत जुनी झाडे, कौलारू बंगले आणि ठरल्या वेळी वाजणारी घंटा. माझी आजी त्या भागाला 'मडमांचा वाडा' म्हणायची. मडमा कधीच्याच गेल्या होत्या, नाव तेवढे मागे राहिले होते.

मी मुसलमान, मराठीत कविता लिहिणारा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या जिल्ह्यात याचे कुणाला नवल वाटू नये. पण मिशनच्या शाळांवर बोलणार म्हटल्यावर एका मित्राने विचारलेच, "तुमचा काय संबंध?" मी म्हणालो, "संबंध आहे. ज्या विहिरीचे पाणी गावाने प्यायले, तिच्याविषयी गावातल्या कुणीही बोलावे."

तर आजची गोष्ट त्या विहिरीची. ती खोदली कुणी, तिचा दोर कुणाच्या हातात होता आणि तो हात कसा बदलत गेला, याची.

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ च्या अखेरीस त्यांनी नगरला ठाणे मांडले. निजामशाहीची ही जुनी राजधानी तोवर इंग्रजांची छावणी झालेली होती. १८३९ मध्ये इथे सिंथिया फॅरार नावाची एक बाई आली. अविवाहित बाईला एकटीला सातासमुद्रापार धाडण्याची तेव्हा रीत नव्हती, तरी बोर्डाने तिला १८२७ साली हिंदुस्थानात पाठवले होते. मुंबईत बारा वर्षे मुलींच्या शाळा चालवून ती नगरला आली, आणि १८६२ साली इथेच तिने देह ठेवला.

तेव्हा मुलीच्या हातात पाटी देणे म्हणजे घरावर संकट ओढवून घेणे, असे लोक मानत. त्यातून शाळा परधर्मीयांची. कुणी बाप्तिस्मा घेतल्याची बातमी फुटली की पालक पोरे काढून घेत आणि पुन्हा पहिल्यापासून घरोघरी हिंडावे लागे. हे सारे तिने चिकाटीने केले. पण तिचे खरे यश पटावरच्या आकड्यात नाही.

सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीराव फुल्यांचे मित्र. ते नगरला नोकरीस होते. त्यांच्याबरोबर जोतीराव इथे आले आणि त्यांनी फॅरारबाईच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्या पाहून आपल्या मनावर परिणाम झाला, असे त्यांनी स्वतः १८५३ साली 'ज्ञानोदया'त सांगितले आहे. हे 'ज्ञानोदय' पत्रही १८४२ साली नगरलाच जन्मलेले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे फॅरारबाईकडे घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. आणि सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव येते. आपण आजारपणात माहेरी आहोत आणि शाळेचा भार तिच्यावर पडला आहे, याची काळजी त्या पत्रात आहे. हे नाव वाचताना माझ्यासारख्याचा ऊर भरून येतो.

म्हणजे पाहा, फॅरारबाईने लावलेली ज्योत तिच्या मिशनच्या आवारात राहिली नाही. जोतीरावांनी ती उचलली आणि आपल्या रीतीने, आपल्या समाजासाठी पेटवली. हा पहिला खांदेपालट. यात कुणी खुर्ची सोडली नाही की कुणाचा सत्कार झाला नाही.

दुसरा खांदेपालट मात्र खुर्चीवरून, सभेत ठराव होऊन झाला. बोस्टनमध्ये बोर्डाचे चिटणीस होते रूफस अँडरसन. १८५४-५५ मध्ये ते स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांचे म्हणणे असे की, इथल्या मंडळीने आपला कारभार आपण करावा, खर्च आपण उचलावा आणि प्रसारही आपणच करावा. परदेशी माणसाने कायम मुक्काम ठोकू नये. विचार त्या काळाच्या मानाने धीट होता. त्याच सुमारास नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि मंडळ्या त्यांच्या हाती आल्या.

पण त्याच दौऱ्यात दुसरीही गोष्ट घडली. इंग्रजी शिकलेली पोरे सरकारी नोकरी धरतात, खेड्यात जात नाहीत. मग त्यांच्यावर पैसा का घालवावा, असा अँडरसनसाहेबांचा रोख होता. त्यांच्या आग्रहावरून नगरची इंग्रजी शाळा बंद झाली. मराठी शाळा आणि उपदेशक तयार करणारे वर्ग यांवर भर आला. योगायोग असा की, त्याच १८५४ मध्ये वुडचा खलिता निघाला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. सरकार दार उघडत होते तेव्हा नगरचे मिशन आपले एक दार लावून घेत होते.

मराठीचा कवी म्हणून मला याचा आनंद व्हायला हवा. मराठीतून शिकवा, असे कुणी म्हटले की मी टाळ्या वाजवणार. आणि त्या धोरणाने मराठी शाळा खेड्यापाड्यांत पोचल्या, महार-मांगांच्या मुलांना अक्षर दिसले, हेही खरेच. पण मन पुरते राजी होत नाही. कारण ज्या पोराला इंग्रजी शिकून पुढे जायचे होते, त्याने काय शिकावे हे बोस्टनहून आलेल्या पाहुण्याने ठरवले. व्यासपीठ मराठी माणसाला मिळाले, पण अभ्यासक्रम आणि थैली मिळाली नाही. अशा बदलाला मी अर्धा खांदेपालट म्हणतो. पालखीला खांदा नवा, पण पालखी कुठे न्यायची ते जुन्यानेच सांगायचे.

लोकांची गरज मात्र ठरावाने मरत नाही. पुढच्या पिढीचे मिशनरी आले. रॉबर्ट ह्यूम १८७४ साली आले, त्यांनी १८७८ मध्ये धर्मशिक्षणाची पाठशाळा काढली. १८८० नंतर इंग्रजी हायस्कूल पुन्हा उभे राहिले. दुष्काळांनी पोरकी केलेली मुले मिशनच्या दारी आली, तेव्हा नुसत्या पुस्तकांनी पोट भरणार नाही हे उमगले. मग दिनशा पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा आली, सुतारकाम आले, चर्चिल नावाच्या मिशनऱ्याने हातमाग सुधारला. कारभारी बदलले तसे धोरण बदलले आणि शाळांत पुन्हा जीव आला. तरी शेवटचा शब्द अजून परदेशातूनच यायचा.

तो शब्द इथे यायला १९४७ उजाडले. दोन-अडीच वर्षांपूर्वीपर्यंत नगरच्या किल्ल्यात नेहरू आणि मौलाना आझाद कैदेत होते. त्या नगरमध्ये १९४७ च्या जूनमध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. हिवाळे मराठी ख्रिस्ती, अमेरिकेत शिकून आलेले. पैसा, ओळखी आणि आधार त्यांनी मिशनच्या जगातून आणला, पण दार साऱ्या जिल्ह्यासाठी उघडले. तोवर नगरच्या पोराला पदवी घ्यायची तर पुण्या-मुंबईची खोली परवडली पाहिजे. या एका कॉलेजाने शेतकऱ्याच्या, विणकराच्या, कासाराच्या पोरांना गावातल्या गावात ग्रॅज्युएट केले. त्यांच्यानंतर डॉ. थॉमस बार्नबस यांनी अनेक वर्षे धुरा वाहिली. याच कॉलेजात संशोधन करणाऱ्या डॉ. जॉन बार्नबस यांना १९७४ साली भटनागर पुरस्कार मिळाला. नगरसारख्या दुष्काळी मुलखातल्या कॉलेजात असे विज्ञान होते, ही त्या पूर्ण झालेल्या खांदेपालटाची पावती.

मीही तिथलाच बी.ए. आमच्या घरातला पहिला. वर्गात माझ्या एका बाजूला पाथर्डीचा वंजारी मुलगा बसायचा, दुसऱ्या बाजूला वडाळ्याचा ख्रिस्ती. तिघांच्याही घरी पुस्तकांचे कपाट नव्हते. आमच्यापैकी कुणालाही तिथे धर्म विचारला गेला नाही. फॅरारबाई ज्या हेतूने नगरला आली तो हेतू आणि आमचे शिकणे यांत मोठे अंतर होते. ते अंतर इथल्या माणसांनी कापले.

हे सगळे आज सांगायचे कारण थोडे घरचे आहे. आमच्या मोहल्ल्यात एक वाचनालय आहे. त्याचा मी अकरा वर्षे चिटणीस होतो. कुठली मासिके घ्यायची, दिवा कधी मालवायचा, सगळे मीच ठरवायचो. दोन वर्षांपूर्वी काही मुले-मुली आली आणि म्हणाली, "चाचा, स्पर्धा परीक्षांची पुस्तके ठेवू या, संगणक आणू या, मुलींसाठी संध्याकाळची वेळ राखू या." मी म्हणालो, "जरूर करा. पण मला विचारून." मोठ्या उदारपणे मी त्यांना समितीत घेतले आणि किल्ल्या माझ्याच खिशात ठेवल्या. वर्षभरात त्यांतली निम्मी येईनाशी झाली. मला वाटले, हल्लीच्या पोरांना चिकाटीच नाही. मग हा इतिहास वाचताना अँडरसनसाहेबांपाशी आलो आणि चपापलो. तो गृहस्थ मला ओळखीचा वाटला.

२०२४ साली आमच्या जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले. नावे बदलतात, पाट्या बदलतात, खुर्चीवरची माणसेही बदलतात. संस्था नवी होते ती मात्र निर्णय, पैसा आणि चुका करण्याची मोकळीक पुढच्याला दिल्यावर. मशिदीचा मदरसा असो, मिशनची शाळा असो की एखाद्या पुढाऱ्याची शिक्षणसंस्था, हिशेब सारखाच.

गेल्या रमजान ईदनंतर मी वाचनालयाच्या किल्ल्या बी.एस्सी. करणाऱ्या एका मुलीच्या हातात ठेवल्या. तिने पहिल्याच आठवड्यात माझी आवडती दोन मासिके बंद केली. मला वाईट वाटले. संध्याकाळी मुलींच्या वेळेत बाहेरून जाताना पाहिले, तर आत बसायला जागा नव्हती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)